माणसं बघायला जागा हवी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू झालेले असतील. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग अशा या धानाच्या पट्ट्यात पाडवा-भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावात, उद्या त्या गावात, असा तो क्रम पुढे कित्येक दिवस चालतो. गोवारी समाजाची ढाल निघते, दंडार रंगते, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक असतं. भाऊबीजेला माहेरी आलेली लेक मंडई करूनच सासरी परतते. तलावातून नुकतेच काढलेले शिंगाडे उकडून ढिगाने विकायला ठेवलेले असतात. काळपट साल दातांनी फोडून आतला पांढरा गर खात माणसं तासन्‌तास फिरतात. पण मंडईत मिळणाऱ्या बहुतेक वस्तू आठवडी बाजारातही मिळतात. माणसं मंडईला जातात ती माणसं बघायला. कोणाचा पोरगा केवढा झाला, कोणाची सून कशी वागते, कोणत्या घरात लग्नाजोगी मुलगी आहे, कोण पुण्याहून सुटीवर आलंय, हे सगळं तिथे नजरेनेच कळतं आणि कित्येक सोयरिकी त्या नजरभेटीतून पुढे सरकतात. त्या दिवशी कोणी कोणाला ‘इकडे कुठे?’ असं हटकत नाही. मंडईला आलो, एवढं उत्तर पुरतं. बाईलाही पुरतं, हे विशेष.

गोंदिया शहरापासून बालाघाटच्या रस्त्याला पाच-सहा किलोमीटरवर नागरा आहे. तिथलं जुनं शिवमंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि शहरातून, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसांची रीघ लागते. दर्शन काही क्षणांत उरकतं. आवारात टेकणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसणं, ओळखीचं कोणी दिसलं तर दोन शब्द बोलणं मात्र बराच वेळ चालतं. म्हणजे आपल्या समाजाने माणसं बघण्याची गरज फार पूर्वी ओळखली होती आणि तिच्यासाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवले होते. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. शेतीच्या गावात तो फारसा पडत नसे, कारण रोवणीला, कापणीला, तलावाच्या पाळीवर, पारावर माणसं एकमेकांच्या नजरेस पडतच असत. शहरात आणि शहर होऊ घातलेल्या गावात तसं घडत नाही. तिथे माणूस घरात असतो, कामावर असतो किंवा या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर असतो. चौथी जागा कोणीतरी मुद्दाम करावी लागते. तीच सार्वजनिक बाग.

माझं म्हणणं असं की, बागेचं पहिलं काम अनोळखी माणसांना एकमेकांच्या नजरेत आणणं हे आहे. झाडं, हिरवळ, कारंजी, चालण्याचा पट्टा हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून बागेचा कस एकाच गोष्टीवर लावावा. काही विकत न घेता, कोणाला कारण न सांगता, माणसाला आणि त्यातही एकट्या बाईला तिथे निवांत बसून आजूबाजूची माणसं बघता येतात का? येत असतील तर ती बाग आहे. येत नसतील तर कितीही फुलं लावा, तो कुंपण घातलेला शोभेचा तुकडा आहे.

हे नुसतं मत नाही, त्याला निरीक्षणाचा आधार आहे. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या चौकांवर आणि छोट्या बागांवर कॅमेरे लावून तिथे माणसं नेमकी काय करतात हे वर्षानुवर्षं नोंदवलं. काही चौक गजबजलेले, तर शेजारचेच काही ओस का, हा त्याचा प्रश्न होता. जागेचा आकार, ऊन, इमारतीचं सौंदर्य अशी कारणं त्याने एकेक तपासली. त्यांपैकी कोणतंही पुरेसं ठरलं नाही. जिथे बसायला भरपूर जागा, तिथे माणसं. आणि जिथे माणसं, तिथे आणखी माणसं, हे मात्र पुन्हापुन्हा दिसलं. निवांतपणासाठी एकांत हवा असं सांगणारी माणसंही प्रत्यक्षात गर्दीच्या वाटेकडे तोंड करून बसत आणि गप्पा मारायला थांबत तीही वाटेच्या मधोमध. या अभ्यासाचा परिणाम म्हणून न्यूयॉर्क शहराने १९७५ मध्ये अशा चौकांत बसायची पुरेशी सोय करणं बांधकाम नियमांतच बंधनकारक केलं. १९८० मध्ये व्हाइटचं पुस्तक आलं आणि जगभरच्या नगररचनाकारांनी ते वाचलं. मंडईतली कोणतीही आजी हे सगळं आधीच जाणते, फक्त तिचं म्हणणं नगररचनेच्या नियमांत कधी उतरलं नाही.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचं शिवाजी पार्क. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने हे मैदान माहीम पार्क म्हणून लोकांसाठी खुलं केलं आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. सुमारे २८ एकरांच्या या मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, रमाकांत आचरेकर सरांनी इथेच मुलं घडवली आणि त्यांतला एक सचिन तेंडुलकर झाला. पण सभा आणि सामने नसतात त्या दिवशीही शिवाजी पार्क भरलेलं असतं ते त्याच्या कट्ट्यामुळे. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास फिरणारा हा बसका कठडा जवळून पाहिला तर त्याची करामत कळते. तो इतका बुटका आहे की म्हाताऱ्यालाही सहज टेकता येतं आणि लहान मुलालाही चढता येतं. त्याला पाठ नाही, म्हणून दोन्ही बाजूंना तोंड करून बसता येतं. आत पाय सोडले तर क्रिकेट दिसतं, बाहेर सोडले तर फेऱ्या मारणारी माणसं. कोणाशेजारी बसलं तरी त्याच्याशी बोलायची सक्ती नाही, कारण दोघांच्याही डोळ्यांपुढे बघायला काहीतरी असतं. त्यावर कोणाची मालकी नाही, पावती नाही, आरक्षण नाही. पेन्शनर, कॉलेजची पोरं, भेळ खाणारं कुटुंब, लग्न ठरलेलं जोडपं, नाटकाच्या तालमीहून आलेला नट, सगळे एकाच ओळीत बसतात. महाग सजावट न करता एका साध्या कठड्याने जे साधलं, ते कोट्यवधींच्या सुशोभीकरणाला कित्येकदा साधत नाही.

आता गावोगावच्या नगरपालिकांच्या बागा बघा. बहुतेक ठिकाणी तोच नमुना दिसतो. कडेने पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा पट्टा, एका कोपऱ्यात ओपन जिम, मध्ये तारेच्या कुंपणातली हिरवळ आणि तिच्यावर ‘गवतावर बसू नये’ असा फलक. बाकं असतात, पण ती सिमेंटची, पाठीवर देणगीदाराचं किंवा नगरसेवकाचं नाव रंगवलेली, एकमेकांपासून दूर आणि पुष्कळदा भिंतीकडे नाहीतर फुलांच्या वाफ्याकडे तोंड केलेली. अशा बाकावर बसलेल्या माणसाला कोणी दिसत नाही. एका बाकावर तिघे आले तर चौथ्याने उभं राहायचं. चौघींना समोरासमोर बसून बोलायचं असेल तर एकीला चप्पल काढून खाली जमिनीवर बसावं लागतं. झाडाभोवती गोल ओटा बांधला असता तर त्याच सिमेंटमध्ये वीस माणसं सावलीत बसली असती. पार कसा बांधायचा हे ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या मुलखातल्या बागेत पार नसावा, ही विसंगती मला फार खटकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. बसायच्या जागा वाढवल्या की टवाळखोर बसतात, पत्त्यांचे डाव पडतात, दारूच्या बाटल्या सापडतात. आक्षेप खोटा नाही, पण त्यामागचं कारण उलट आहे. टवाळखोर बसतात ते इतर माणसं बसत नाहीत म्हणून. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा दाखला यासाठी पाहण्यासारखा आहे. १९७०च्या दशकात ही बाग अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाली होती आणि सामान्य माणूस तिथे पाऊल टाकायला कचरत होता. व्हाइटने पाहणी करून सांगितलं की उंच झाडझुडपांच्या कुंपणामुळे आतलं बाहेरून दिसत नाही, हेच मूळ दुखणं आहे. पुढे १९८८ ते १९९२ या काळात बाग बंद ठेवून तिची नव्याने मांडणी झाली. कुंपण उतरवलं, प्रवेशाच्या वाटा मोकळ्या केल्या आणि हलवता येतील अशा खुर्च्या मोठ्या संख्येने ठेवल्या. माणसं आली आणि त्यांच्या नजरेने अड्डा हटवला. आपल्याकडे उपाय नेमका उलटा होतो. टवाळखोरांची तक्रार आली की बाकं काढली जातात, कुंपण उंच होतं, फाटकाला कुलूप लागतं; चांगली माणसं बाहेर राहतात आणि भिंतीवरून उडी मारणारे आत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बायकांच्या बाजूने येतो. माणसं बघणं ही पुरुषांची चैन आहे. बाईच्या वाट्याला बघणं येत नाही, बघितलं जाणं येतं आणि ते त्रासाचं असतं. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करूनच पुढे जायला हवं. विदर्भातल्या कुठल्याही गावात पुरुषाला माणसं बघायला पानठेला आहे, चहाची टपरी आहे, चौकातला ओटा आहे. बाईला यांपैकी एकही नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या आपल्या अभ्यासातून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं की सार्वजनिक ठिकाणी बाईला सतत आपलं काम सिद्ध करावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, चालीत घाई. बागेतही ती फेऱ्या मारते, कारण फेरी हे काम ठरतं आणि नुसतं बसणं हा आगाऊपणा. त्यांचा निष्कर्ष मात्र बायकांनी घरी बसावं असा नव्हता. बायकांना, आणि गरिबांना व परक्या समजल्या जाणाऱ्यांनाही, उगाच रेंगाळण्याचा हक्क हवा असा होता. ‘ब्लँक नॉइज’ या बंगळुरूच्या गटाने २०१४ पासून ‘मीट टू स्लीप’ हा उपक्रम चालवला. त्यात बायका सार्वजनिक बागेत येऊन चक्क झोपतात. भीती मोडायची असेल तर बाईला त्या जागेत निर्धास्त पडून राहता आलं पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे. टक लावणारी एक नजर त्रासाची असते हे खरं, पण तिच्यावरचा उतारा म्हणजे आजूबाजूच्या पन्नास साध्या नजरा. ओस बागेतली एकटी बाई धोक्यात असते. दहा बायका, चार म्हाताऱ्या आणि खेळणारी पोरं असलेल्या बागेत तोच टक लावणारा वरमतो. व्हाइटनेही चांगल्या जागेची खूण म्हणून तिथल्या बायकांचं प्रमाण मोजलं होतं. आपल्या नगरपालिकांनीही बागेचा अहवाल लिहिताना किती रोपं लावली यासोबत संध्याकाळी किती बायका बसलेल्या होत्या हे मोजावं.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. माणसांनी चालावं, व्यायाम करावा, मधुमेह आटोक्यात ठेवावा. बसून काय मिळणार? चालण्याचं महत्त्व निर्विवाद आहे, पण एकटेपणाही आजारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला आठ लाख एकाहत्तर हजारांच्या घरात आहेत. ज्या घरातली तरुण मुलं नागपूर, पुणे, रायपूरला गेली, त्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे आकडे समजावून सांगायची गरज नाही. शिवाय चालणारा माणूस दहा फेऱ्या मारून निघून जातो. बसणारा तास-दीड तास थांबतो आणि बाग जागती ठेवतो. चालणाऱ्यांनाही बसलेल्या माणसांच्या देखत चालणं सुरक्षित वाटतं. कोणी म्हणेल, आता मोबाइलवर हवी तेवढी माणसं बघता येतात. येतात, पण ती निवडून आलेली असतात; आपल्यासारखीच किंवा आपल्याला चिडवण्यासाठी पुढे आणलेली. बागेत दिसणारा माणूस आपण निवडलेला नसतो. राइस मिलमधला हमाल, बँकेतला कारकून, सिंधी दुकानदाराची आई, छत्तीसगडी बोलणारी मजूरबाई हे एका संध्याकाळी एका ओळीत दिसले की दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या घरातही पोरांना तसंच दटावलं जातं आणि म्हाताऱ्यांना तसंच हात धरून नेलं जातं, हे डोळ्यांना कळतं. व्याख्यानांनी जे कळत नाही ते रोजच्या बघण्याने अंगवळणी पडतं.

चौथा आक्षेप पैशाचा. देखभालीला पैसा लागतो, मग दहा रुपये तिकीट लावायला काय हरकत? हिशेब करून पाहावा. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी दहा रुपयांचं तिकीट म्हणजे पन्नास रुपये, एका दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ सहावा हिस्सा. तो फाटकावरच गेला तर ते कुटुंब वर्षातून एकदा येईल, रोज येणार नाही. आणि बागेचा गुण रोज येण्यात आहे. तिकिटाइतकीच घातक आहे वेळापत्रकाची कात्री. राज्यातल्या कितीतरी बागा दुपारी बंद असतात. मे महिन्यात पूर्व विदर्भाचा पारा पंचेचाळिसाला भिडतो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना झाडाची सावली हवी असते ती दुपारीच. सकाळ-संध्याकाळचं ऊन कोणालाही सोसतं. बाग दिवसभर का जागती हवी, हे समजण्यासाठी शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांचं निरीक्षण पाहावं. त्यांनी १९६१ मध्ये फिलाडेल्फियातल्या चार चौकांची तुलना केली होती. चारही चौकांचा आराखडा एकाच काळातला, आकारही जवळपास सारखा. तरी त्यांतला रिटनहाउस चौकच खऱ्या अर्थाने फुलला, कारण त्याच्या भोवती घरं, कचेऱ्या, दुकानं असं सगळं होतं आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहरी वेगळी माणसं तिथे येत. जी बाग अर्धा दिवस कुलपात असते तिला हे भाग्य मिळूच शकत नाही.

शेवटचा आक्षेप नागऱ्यासारख्या गावातून येतो. आमच्याकडे मोकळी जागा भरपूर आहे, बाग हवी कशाला? आज आहे, हे खरं. पण २०११च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या वर गेलेलं गोंदिया शहर रस्त्यांच्या कडेने पसरतं आहे आणि बांधावर प्लॉट पाडल्याचे फलक लागले की मोकळी जागा दिसेनाशी व्हायला वेळ लागत नाही. मुंबईत आज दरडोई सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा उरली आहे; केंद्राच्या २०१४च्या नगररचना मार्गदर्शिकेत दहा ते बारा चौरस मीटर असावी असं म्हटलं आहे. गेलेली जमीन नंतर कोणत्याही भावाने परत मिळत नाही, म्हणून ती आधीच राखावी लागते. त्यासाठी कायदे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६चा आहे; त्याखाली विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण टाकता येतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. आणि १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बागेसाठी राखलेली जमीन खासगी रुग्णालयाला देता येणार नाही असं ठणकावलं आहे. पण आरक्षण कागदावर पडून राहिलं, ठरावीक मुदतीत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर ते रद्दही होऊ शकतं. लेआउटमधली ‘ओपन स्पेस’ही पुष्कळदा कोणाच्या तरी गाड्या लावायला, विटा-वाळू टाकायला किंवा भिंत घालून अडवायला वापरली जाते. कायदा जमीन राखायला मदत करतो. ती वापरून जागती ठेवायची ती माणसांनीच.

म्हणून मागणी मोठी नाही, पण ती नेमकी असावी. गोंदियात नगरपालिकेचं सुभाष उद्यान आहे. त्यासारख्या जुन्या बागेत आणि नागऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर पुढे होणाऱ्या प्रत्येक नव्या बागेत बसायच्या जागा वाटेकडे तोंड करून असाव्यात. मोठ्या झाडांना पार बांधावेत. कुंपण असं असावं की त्यातून आरपार दिसेल. बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी आणि अंधार पडल्यावर पुरेसा उजेड, एवढं झालं तर बायका बसतील आणि बायका बसल्या की बाकीचं आपोआप होईल. दुपारी फाटक उघडं असावं. तिकीट नसावं. गवतावर बसू द्यावं. गवत पुन्हा उगवतं. या भागात मालगुजारांच्या काळातले तलाव मोठ्या संख्येने आहेत, पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांच्या वर जाते. जिथे गावातल्या तलावाची पाळ भक्कम आहे तिथे तीच ओट्यांनी आणि सावलीने सजवली तर नवी जमीनही लागणार नाही.

यंदाच्या दिवाळीत मंडई करून घरी परतल्यावर आपल्या गावच्या ग्रामसभेत किंवा प्रभागातल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आमच्या वस्तीत एखाद्या बाईला उद्या दुपारी, काही काम नसताना, तासभर बसता येईल अशी जागा कुठे आहे? उत्तर येत नसेल तर ती जागा आराखड्यात दाखवून घ्या, आरक्षणाचा क्रमांक मागून घ्या आणि ती मिळेपर्यंत दर ग्रामसभेला तोच प्रश्न विचारत राहा. बागा मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि त्यात जाऊन बसल्याशिवाय टिकत नाहीत.